लंपीच्या गाठी मोजून झाल्यावर पुढे काय?

११ डिसेंबर २०२२ रोजी नागपुरात वन हेल्थच्या, म्हणजे ‘सगळ्यांचं आरोग्य एकच’ मानणाऱ्या, राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी झाली. त्याच दिवशी समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा खुला झाला, त्यामुळे लोकांच्या बोलण्यात रस्ता राहिला आणि संस्था मागे पडली. माणसांचे, पाळीव जनावरांचे आणि रानातल्या प्राण्यांचे रोग एकत्र अभ्यासायचे, असा तिचा हेतू. खर्च ११० कोटींच्या वर सांगितला गेला. पुढे वन हेल्थचं राष्ट्रीय मिशन आलं आणि त्याच्या केंद्रस्थानी हीच संस्था राहील असं ठरलं. तेव्हा ही संस्था नेमकं काय करणार, हा प्रश्न दिल्लीइतकाच नागपूरकरांचाही आहे. पण त्यावर जे बोललं जातं ते ऐकून जीव विटतो. एक गट म्हणतो, ‘काहून पाहिजे बावा इतकं? नमुने घ्या, तपासा, अहवाल द्या, लस टोचा. पेशीच्या पोटात विषाणू काय करते ते पुण्या-बंगलोरवाले पाहून घेतील.’ दुसऱ्या गटाला संस्था हवी आहे ती विदर्भाच्या अनुशेषातली एक ओळ खोडण्यासाठी. पाटी लागली, फीत कापली की त्याचं समाधान. दोघांचं भांडण आहे असं वरवर दिसतं, पण मूळ समजुतीत दोघे एकच आहेत. पेशीच्या आतलं संशोधन म्हणजे दागिना, हे दोघांनीही धरूनच ठेवलेलं आहे. एकाला तो परवडत नाही, दुसऱ्याला मिरवायचा आहे.

माझं म्हणणं असं की तो दागिना नाही, तपासणीच्या कामाचं जोतं आहे. विषाणू पेशीत शिरल्यावर आपला डीएनए कुठे नेतो, कशाच्या आडोशाला त्याच्या प्रती काढतो, त्यासाठी पेशीचं काय वापरतो आणि स्वतःचं काय आणतो, हे पाहणारा कायमचा विभाग या संस्थेत पहिल्या दिवसापासून हवा. नाहीतर ११० कोटींत आपण एक मोठं नमुना संकलन केंद्र उभं करू.

गुरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या लंपीवरूनच बोलू, कारण ती आठवण अजून ताजी आहे. भारतात हा रोग २०१९ साली ओडिशात नोंदला गेला, २०२० मध्ये गडचिरोलीत दिसला आणि २०२२ मध्ये खानदेश-वऱ्हाडातून राज्यभर पसरला. गुरांचे बाजार बंद, वाहतूक बंद, गोठ्यागोठ्यात गाठींनी भरलेली जनावरं, आणि वर दुधाबद्दलच्या अफवा. हा रोग माणसाला होत नाही, हे सांगता सांगता पशुवैद्यकांचे घसे बसले. त्या काळात ‘व्हायरस आला’ एवढंच सगळीकडे ऐकू येत होतं, जणू सगळे विषाणू एकाच घाण्यातून निघालेले. लंपीचा विषाणू देवीच्या कुळातला. त्याच्या डीएनएत रासायनिक अक्षरांच्या सुमारे १ लाख ५१ हजार जोड्या, जनुकं दीडशेच्या वर. आणि या कुळाची एक खोड आहे जी इतर बहुतेक डीएनए विषाणूंमध्ये सापडत नाही: हे कूळ केंद्रकात जातच नाही.

हे किती विचित्र आहे, ते थोडं थांबून पाहायला हवं. आपल्या किंवा गाईच्या पेशीत डीएनएच्या प्रती काढण्याची आणि डीएनए वाचून आरएनए लिहिण्याची सगळी सामग्री केंद्रकात असते. म्हणून हर्पिस (कांजिण्या-नागिणीचं कूळ), ॲडिनो, पॅपिलोमा हे सगळे डीएनए विषाणू कसेही करून तिथे पोचतात. हर्पिसचं कवच सुमारे १२५ नॅनोमीटरचं, केंद्रकाच्या छिद्रातून ते जाऊ शकत नाही. मग ते छिद्राच्या तोंडाशी येऊन टेकतं आणि फक्त डीएनए आत सोडतं. आत गेल्या गेल्या पेशीची काही प्रथिनं त्या परक्या डीएनएभोवती गोळा होतात, त्याला गप्प करायला. विषाणू आधी त्यांचा निकाल लावतो, मग केंद्रकातच आपली जागा आखून घेतो. तिथे त्याची डीएनए उतरवणारी प्रथिनं जमतात, पेशीचं आरएनए लिहिणारं एन्झाइम ओढून घेतलं जातं, जागा वाढत जाते, शेजारच्या दोन-तीन जागा एकमेकींत मिसळतात आणि पेशीचा स्वतःचा डीएनए केंद्रकाच्या कडेला ढकलला जातो. देवीचं कूळ यातलं काही करत नाही. आरएनए लिहिणारं एन्झाइम ते आपल्या कणात भरूनच आणतं. हे १९६७ सालीच कळलं होतं. प्रती काढणारं एन्झाइमही त्याचं स्वतःचं. हर्पिस सरकारी छापखान्यात घुसून आपली पत्रकं छापून घेतो, देवीचं कूळ छापखानाच सोबत आणतं. पेशीद्रव्यात, केंद्रकाच्या बाहेर, त्याचे कारखाने उभे राहतात. शास्त्रज्ञही त्यांना कारखानेच म्हणतात. एक कण शिरला की एक कारखाना, अशी साधारण सुरुवात. प्रती निघत असताना पेशीच्या आंतर्द्रव्यजालिकेचे, म्हणजे तिच्या आतल्या पडद्यांच्या जाळ्याचे, पडदे त्याला वेढून घेतात. नंतर पडदे बाजूला होतात आणि तिथेच नवे कण जुळायला लागतात. पेशीची प्रथिनं बनवणारी यंत्रणासुद्धा या कारखान्यात ओढली जाते, म्हणजे संदेश लिहिणं आणि त्यावरून प्रथिन घडवणं एकाच जागी.

पॅपिलोमा विषाणूची गत आणखी वेगळी. त्याच्या डीएनएत जेमतेम ८ हजार जोड्या, प्रती काढणारं एन्झाइमसुद्धा पदरी नाही. सगळं पेशीकडून घ्यायचं. पण तो वाढतो त्वचेच्या वरच्या थरांत, जिथल्या पेशींनी विभागणं थांबवून डीएनए उतरवायची यंत्रणा आवरून ठेवलेली असते. म्हणून तो पेशीला पुन्हा कामाला जुंपतो, तिला आवरणारी प्रथिनं निकामी करतो. त्याच्या दृष्टीने ही नुसती सोय. बाईच्या गर्भाशयमुखाच्या पेशीत हीच सोय वर्षानुवर्षं चालू राहिली की कर्करोग होतो. म्हणजे हा विषाणू प्रती कशा काढतो हे कळल्याशिवाय त्या कर्करोगाचं कारणच पुरतं सांगता येत नाही. हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळालं ते हा संबंध दाखवल्याबद्दल.

तीन विषाणू, तिन्ही डीएनएचे, तिघांची बिऱ्हाडं वेगळी आणि म्हणून तिघांचे दुबळे सांधेही वेगळे. ‘तपासा आणि लस टोचा’ म्हणणाऱ्याला हे सांगितलं की तो म्हणतो, माहिती छान आहे, पण गाईला काय फायदा?

याचं सगळ्यात भारी उत्तर त्याच्याच बाजूने आहे, आणि ते मी टाळणार नाही. देवीचा रोग माणसाने पृथ्वीवरून पुसला, तो असल्या कारखान्यांचा अभ्यास करून नव्हे. जेन्नरने १७९६ साली लस टोचली तेव्हा विषाणू ही कल्पनाच नव्हती. १८९२ मध्ये ग्वारनिएरी या इटालियन संशोधकाला देवीच्या पेशींमध्ये गडद ठिपके दिसले. तो समजला हे परजीवी जंतू आहेत. ते खरं तर विषाणूचे कारखाने होते, पण हे कळायला पुढची कित्येक दशकं गेली. आणि कळो न कळो, लसीकरण चालूच राहिलं. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला, १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झालं. यश मिळालं ते गावोगाव फिरणाऱ्या लस टोचणाऱ्यांमुळे, रुग्ण शोधून त्याच्याभोवतीच्या माणसांना लस देण्याच्या शिस्तीमुळे. यापेक्षा मोठा पुरावा ‘ज्ञान नंतर, काम आधी’ या म्हणण्याला कुठला मिळणार?

पण देवी का हटली, हे नीट पाहा. देवी फक्त माणसाला होई, दुसऱ्या प्राण्यात लपायला तिला जागा नव्हती. झालेला माणूस चेहऱ्यावरून ओळखू येई. लस उन्हाळ्यातही टिकणारी मिळाली. एकदा बरा झालेला पुन्हा सहसा आजारी पडत नसे, आणि विषाणू शरीरात दडून बसत नसे. यातली एक अट काढून टाका आणि तोच डाव हर्पिसवर टाकून बघा. कांजिण्यांचा विषाणू मुलाच्या अंगावरचे फोड गेल्यावर चेतापेशींच्या केंद्रकात नुसता डीएनए म्हणून पडून राहतो, ना प्रती काढतो ना कण घडवतो, आणि चाळीस-पन्नास वर्षांनी नागीण होऊन उठतो. त्याच कुळातल्या हर्पिस सिम्प्लेक्सवर आजतागायत मान्यताप्राप्त लस नाही. तिथे जेन्नरची पद्धत का चालली नाही? विषाणू कुठे आणि कोणत्या रूपात बसला आहे, हा प्रश्न तिथे टाळताच येत नाही म्हणून. लंपीतही रुग्ण ओळखू येतो हे खरं, पण चावणाऱ्या माश्या, डास, गोचिडी तो पसरवतात, आणि गुरांची खरेदी-विक्री काही थांबत नाही. देवीचा विजय हा नियम नव्हता. अनुकूल परिस्थितीत मिळालेला तो एक अपवाद होता, आणि आपण त्या अपवादावर धोरण बांधायला निघालो आहोत.

नागिणीवरून ॲसायक्लोव्हिरची गोष्ट आठवते. आपल्याकडे नागीण झाली की अजूनही कुणीतरी ‘उतरवणारा’ सुचवतं, आणि विळखा पूर्ण झाला की माणूस जातो अशी भीती घालतं. डॉक्टर मात्र गोळी लिहून देतात आणि ती वेळेत सुरू केली तर काम करते. का करते? कारण हर्पिस कुळातल्या विषाणूंकडे थायमिडीन कायनेज नावाचं एन्झाइम आहे. ॲसायक्लोव्हिर पेशीत गेलं की निरुपद्रवी असतं. विषाणूचं हे एन्झाइम त्यावर पहिला फॉस्फेट चढवतं, पुढचे दोन पेशीची एन्झाइमं चढवतात, आणि मग विषाणू ते आपल्या नव्या डीएनएत जोडायला जातो आणि साखळी तिथेच तुटते. निरोगी पेशीत पहिला फॉस्फेट चढतच नाही म्हटलं तरी चालेल, म्हणून तिला इजा नगण्य. गर्ट्रूड एलियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात ही कार्यपद्धती उलगडली. १९८८च्या नोबेल मानकऱ्यांमध्ये एलियन होत्या. आता तीच गोळी देवीकुळातल्या विषाणूवर द्या: चालत नाही. त्यांच्याकडेही थायमिडीन कायनेज आहे, पण ते वेगळ्या घडणीचं, ॲसायक्लोव्हिरला दाद न देणारं. त्या कुळासाठी शोधलेलं टेकोव्हिरिमॅट कारखान्यात तयार झालेल्या कणांवर पडदा चढण्याची पायरी अडवतं. आणि चेतापेशीत निजलेल्या हर्पिसवर ॲसायक्लोव्हिर काही करू शकत नाही, कारण तिथे तोडायला नवी साखळीच नाही. औषध कुणाला चालेल, कधी चालेल, कुठे थांबेल, या सगळ्याची उत्तरं प्रती काढण्याच्या जागेत आणि रीतीत दडलेली. हे ‘शुद्ध विज्ञान’ आहे की औषधाच्या दुकानातलं?

आता लंपीचा एक ताजा प्रश्न घेतो, कारण माझ्या म्हणण्याचा कस तिथेच लागतो. २०२२ मध्ये आपल्याकडे गुरांना शेळ्यांच्या देवीची लस टोचली. दोन्ही विषाणू चुलतभाऊ असल्यामुळे ती चालते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हिसार आणि इज्जतनगरच्या संस्थांनी तयार केलेली लंपीची स्वतःची लस जाहीर झाली. रांचीत सापडलेला विषाणू पेशींमध्ये पुन्हा पुन्हा वाढवून सौम्य केलेला. दोन्ही लशी जिवंत विषाणूच्या. मग गोठ्यातला शेतकरी विचारतो: लशीतला विषाणू आणि साथीचा विषाणू एकाच गाईत भेटले तर तिसराच तयार होणार नाही का? प्रश्न अडाणी नाही. २०१७ साली रशियात सारातोव्हच्या परिसरात लंपीचा असा विषाणू सापडला ज्याच्या डीएनएत लशीच्या आणि साथीच्या विषाणूंचे तुकडे एकमेकांत ओवलेले होते. पुढे चीन, व्हिएतनाम, थायलंडमध्ये असे मिश्र विषाणू दिसले. त्याचं मूळ एका सदोष लशीतच असावं, असा नंतरच्या अभ्यासांचा कल आहे; पण सरमिसळ होऊ शकते, एवढं नक्की.

नमुने तपासणारी प्रयोगशाळा यावर काय सांगेल? ‘मिश्र विषाणू सापडला’ किंवा ‘नाही सापडला’. तो होण्याची शक्यता किती, ती कशाने वाढते, कशाने घटते, यावर ती गप्प. कारण याचं उत्तर कारखान्यात आहे. दोन विषाणू एकाच जनावरात असून भागत नाही, एकाच पेशीत यावे लागतात. आणि पेशीतही दोघांचे कारखाने सुरुवातीला स्वतंत्र, पडद्यांनी वेढलेले. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात देवीकुळातल्या व्हॅक्सिनिया विषाणूवर हे प्रत्यक्ष पाहिलं गेलं. वेगवेगळ्या कणांपासून निघालेले कारखाने एकमेकांत मिसळतात तेव्हा उशीर झालेला असतो, आणि मिसळल्यावरही आतला डीएनए फारसा एकजीव होत नाही. म्हणजे कारखान्याची रचनाच सरमिसळीला आवर घालते. हे निष्कर्ष लंपीला, गाईच्या पेशीला, आपल्या दोन लशींना तसेच्या तसे लागू होतात का? ते इथे, पेशी वाढवून, सूक्ष्मदर्शकाखाली रंग देऊन पाहता येण्यासारखं आहे. तसं पाहिलं तर शेतकऱ्याला भरवसा द्यायला आपल्याकडे पुरावा असेल. आज आपण त्याला ‘घाबरू नका’ म्हणतो. पोळ्याच्या पाडव्याला मारबतीच्या मिरवणुकीत ‘रोगराई घेऊन जा गे मारबत’ म्हणून आरोळी ठोकणं नागपूरला शोभतं. सरकारी पत्रकाला शोभत नाही.

पैशाचा मुद्दा मात्र खरा आहे. ज्या तालुक्यात पशुवैद्यकीय दवाखान्याला कुलूप असतं, तिथल्या माणसाला लेझरवाल्या सूक्ष्मदर्शकाची किंमत सांगायला तोंड उघडत नाही. डॉक्टरांची पदं भरा, शीतसाखळी सांभाळा, लस वेळेत पोचवा: या मागण्या पहिल्या, यात मला शंका नाही. पण दवाखान्याचं कुलूप संशोधनाच्या खर्चामुळे लागलेलं नाही. पदं भरणं राज्याच्या पशुसंवर्धन खात्याचं काम, संस्थेचा पैसा केंद्राच्या वेगळ्या हिशेबातला. एक विभाग कापला म्हणून कुठल्या गावात डॉक्टर रुजू होत नाही. शिवाय प्रती काढण्याच्या अभ्यासाला लागणाऱ्या गोष्टी पाहिल्या तर पेशी वाढवण्याची खोली, चांगला सूक्ष्मदर्शक, डीएनए वाचण्याची सोय आणि प्रशिक्षित माणसं. यातलं बरंचसं तपासणीलाही लागतंच. जास्तीचं लागतं ते मुख्यतः माणसाचं डोकं, आणि त्याला एका प्रश्नावर पाच-सात वर्षं बसू देण्याचा धीर. आपण चणचण पैशाची सांगतो. मला ती धीराची वाटते.

आणि स्वस्तातलं, मातीतलं उदाहरणही विदर्भातच आहे. हरभऱ्यावरच्या आणि तुरीवरच्या घाटेअळीसाठी एच.ए.एन.पी.व्ही. हा अळीला मारणारा विषाणू फवारायची शिफारस आपल्या शेतकऱ्यांना माहीत आहे. उन्हाने तो खराब होतो म्हणून संध्याकाळी फवारायचा, त्यात नीळ घालायची, हेही माहीत आहे. तो डीएनए विषाणूच. अळीच्या पोटात त्याच्या कणांवरचं प्रथिनाचं वेष्टण विरघळतं, विषाणू पेशीच्या केंद्रकात शिरतो आणि तिथे दाट जाळीसारखी आपली जागा उभारतो. आधी तो असे कण सोडतो जे अळीच्या शरीरात पेशीपेशीत पसरतात. मग उशिराच्या टप्प्यात कामाची दिशा बदलते: कण केंद्रकातच राहतात आणि त्यांच्याभोवती एकाच प्रथिनाचे स्फटिक रचले जातात, बाहेरच्या जगात टिकून राहण्यासाठी. अळी फांदीच्या टोकाला उलटी लोंबकळून मरते, फुटते, आणि ते स्फटिक पानांवर सांडतात. या उशिराच्या टप्प्यात पेशी ते एकच प्रथिन इतक्या प्रचंड प्रमाणात का बनवते, हा प्रश्न काही लोकांनी विचारला. कुणाच्या पिकासाठी नाही, नुसत्या कुतूहलापोटी. उत्तरात त्यांना जनुकाची अशी कळ सापडली जिच्यापुढे कोणतंही जनुक ठेवलं तर किड्याची पेशी त्याचं प्रथिन भरभरून बनवते. याच कुळातल्या, दुसऱ्या अळीच्या विषाणूच्या मदतीने किड्यांच्या पेशींत पॅपिलोमा विषाणूचं कवच-प्रथिन बनवलं गेलं, आणि त्यातून गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची सर्व्हारिक्स ही लस झाली. हा सगळा प्रवास आधी कुणी कागदावर लिहून निधी मागितला असता तर आपल्या कुठल्या समितीने मंजूर केला असता?

माझ्या बाजूच्या लोकांनाही दोन शब्द सुनावणं भाग आहे. ‘ज्ञानासाठी ज्ञान’ म्हणत जे लोक सभागृहात टाळ्या घेतात त्यांनी या वादाचं फार नुकसान केलं. मूलभूत संशोधनातही फॅशन असते आणि फॅशनवर पैसा उडतो. मागच्या दशकात विषाणूंच्या या जागा म्हणजे पाण्यातल्या तेलाच्या थेंबासारखे द्रवाचे गोळे, अशी टूम निघाली. काही विषाणूंत ते बऱ्यापैकी लागूही पडतं. हर्पिसच्या केंद्रकातल्या जागाही गोलमटोल, एकमेकींत मिसळणाऱ्या, म्हणून त्याही तशाच असणार असं मानलं जाऊ लागलं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीच्या संशोधकांनी एकेका रेणूचा माग काढून दाखवलं की पेशीचं आरएनए लिहिणारं एन्झाइम तिथे अडकतं ते द्रवात कोंडलं जातं म्हणून नव्हे. विषाणूचा डीएनए उघडा पडलेला असतो आणि एन्झाइम त्याला जागोजागी चिकटत राहतं. दिसायला थेंब, वागायला वेगळं. तेव्हा नागपूरच्या विभागाने आजची टूम उचलावी असं मी म्हणत नाही. त्याने लंपी घ्यावी, शेळीची देवी घ्यावी, घाटेअळीचा विषाणू घ्यावा. इथल्या गोठ्यातलं आणि इथल्या शेतातलं.

भीतीचं काय? शहराजवळ घातक विषाणूंची प्रयोगशाळा नको, असं म्हणणाऱ्यांना लोक हसतात. मी हसणार नाही. जगातल्या देवीच्या शेवटच्या मृत्यूचं कारण साथ नव्हती. १९७८ साली इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या वैद्यकीय महाविद्यालयात छायाचित्रकार असलेल्या जॅनेट पार्कर यांना देवी झाली आणि त्या गेल्या. त्यांच्या खोलीच्या खालच्या मजल्यावर देवीच्या विषाणूवर काम चालत होतं. तो कसा पोचला यावर वाद राहिला, पण तो तिथूनच आला याबद्दल फारशी शंका घेतली गेली नाही. त्यानंतर देवीच्या विषाणूचे साठे मोजक्या जागी आणले गेले. हा इतिहास विसरून ‘आमची प्रयोगशाळा जगात सुरक्षित’ अशी ग्वाही देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. पण मी मागतो आहे त्या कामाला सर्वोच्च सुरक्षेची कोठडी लागत नाही. प्रती काढण्याच्या पद्धतीचा बहुतांश अभ्यास लशीतल्या सौम्य विषाणूंवर होतो, किड्यांच्या विषाणूंवर होतो, जे माणसाला काही करत नाहीत. जिवाणूंना लागण करणाऱ्या विषाणूंवर, म्हणजे फेजांवरही होतो. २०१७ साली सॅन दिएगोच्या संशोधकांनी दाखवलं की एक मोठा फेज जिवाणूच्या आत प्रथिनाचं कवच उभारून त्यात आपल्या डीएनएच्या प्रती काढतो, जिवाणूला स्वतःला केंद्रक नसताना! औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंवर फेज वापरायचे मनसुबे आज जगभर आहेत, तिथे हे कवच कळीचं, कारण जिवाणूची डीएनए कापणारी हत्यारं त्याच्या आत पोचत नाहीत. गंमत म्हणजे आपल्याकडे भीतीही मोठ्या सुरक्षेच्या इमारतीचीच आणि हट्टही तिचाच. साध्या खोलीत होणाऱ्या कामाबद्दल दोन्हीकडे शांतता.

उरला ‘हे नागपुरातच कशाला’ हा प्रश्न, आणि त्याला नागपूरच्याच नावाचा इतिहास उत्तर देतो. १९६५ मध्ये या परिसरात तापाची साथ आली होती. त्यातल्या रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या संशोधकांनी एक नवा विषाणू वेगळा केला आणि इथल्या गावावरून त्याचं नाव पडलं चांदीपुरा. तो आरएनए विषाणू, रेबीजच्या कुळातला, म्हणून या लेखाच्या विषयात तो तसा बसत नाही. पण त्याचं पुढे झालं काय ते बसतं. तो फारसा धोकादायक नाही असं मानून बराच काळ बाजूला राहिला. २००३ साली आंध्र प्रदेशात मुलांमध्ये मेंदूज्वराची साथ आली तेव्हा तो पुन्हा समोर आला: ३२९ मुलं आजारी, १८३ दगावली. २०२४ मध्ये गुजरातेत तो परत आला. त्याच्यावर आजही ना खास औषध ना लस. पुण्याच्या लोकांनी तो शोधला हे त्यांचं कर्तृत्व. मुद्दा त्यानंतरच्या अडतीस वर्षांचा आहे. नमुना इथून जायचा, नाव इथलं लागायचं आणि इथे त्यावर काम करणारा एकही माणूस घडायचा नाही, ही व्यवस्था आपण बदलणार आहोत की नव्या इमारतीत तीच चालवणार? जिथे गाठी आलेली गाय सकाळी दिसते आणि दुपारपर्यंत तिच्या गाठीतल्या पेशी प्रयोगशाळेत पोचू शकतात, तिथे बसलेल्या माणसाला जे प्रश्न पडतील ते हजार किलोमीटरवरच्या माणसाला पडणार नाहीत. नागपुरात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आहे, मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आहेत, एम्स आहे; आणि तासा-दोन तासांच्या वाटेवर वाघांची जंगलं आहेत. वन हेल्थला याहून सोयीची जागा शोधून सापडायची नाही.

म्हणून मागणी नेमकी करावी. संस्थेच्या पदांच्या जाहिराती निघतील तेव्हा त्यात साथरोगतज्ज्ञ आणि तपासणी तंत्रज्ञ यांच्याबरोबर पेशीतल्या विषाणूंवर काम केलेल्या संशोधकांच्या कायम जागा किती आहेत, हे लोकप्रतिनिधींनी विचारावं. कंत्राटावरच्या नव्हेत, कायम. पशुवैद्यकीयच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तिथे दोन वर्षं काम करता येईल असा करार दोन्ही संस्थांमध्ये झाला आहे का, हेही विचारावं. आणि पहिल्या पाच वर्षांच्या आराखड्यात लंपीच्या दोन लशी आणि साथीचा विषाणू एका पेशीत आल्यावर काय होतं, हा एक प्रश्न तरी लिहिलेला असावा, शक्यतो मराठीत, म्हणजे ज्याच्या गाईला लस टोचली त्यालाही तो वाचता येईल.